तिसरा दिवा

शुभंकरने डिकीच्या झाकणावर जुनी चादर अंथरली, स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि वर बसवलेल्या पंखासारख्या स्पॉयलरच्या पोटातला शेवटचा स्क्रू बोटांनीच फिरवून काढला. लाल पट्टी हातात आली. आत पाणी शिरून हिरवट डाग धरले होते आणि सोळा बारीक दिव्यांपैकी एकातही जीव असेल असं वाटत नव्हतं.

“गेली,” तो म्हणाला. “बरं झालं नवी घेऊन आलो.”

“आण इकडे.”

वडिलांनी, विश्वंभररावांनी, हात पुढे केला. पट्टी त्यांनी डोळ्यांसमोर धरली नाही. कडेवरून अंगठा फिरवत नेला, एका जागी थांबवला आणि तिथे नख रुतवलं.

“इथलं रबर वाळलंय. इथूनच पाणी शिरलं. नवी बसवताना या कोपऱ्याला सिलिकॉन लाव, नाहीतर पावसाळ्यात परत हेच.”

शुभंकरला हसू आलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून बाहेर पडून अण्णांना चार वर्षं झाली होती, तरी त्यांचा अंगठा अजून ड्यूटीवर होता.

रविवारची दुपार कलत होती. संक्रांतीचं उत्तरायण आठवड्यावर आलं होतं आणि फतेगंजातल्या गच्च्यांवर पोरांचा सराव चालू होता; कुणाचा पतंग कापला गेला की तीन गच्च्यांवरून एकदम “काप्यो छे!” असा ओरडा उठायचा. सात वर्षांची अवनी फाटकावर चढून बसली होती.

“आजोबा, तो लाल बघा! केवढा वर गेलाय!”

“दिसला, दिसला,” विश्वंभरराव आभाळाकडे मान करून म्हणाले. मान त्यांनी चुकीच्या बाजूला केली होती, पण पतंगाकडे बघणारं माणूस दुसऱ्या माणसाकडे बघत नाही.

गाडी दिवाळीच्या आधी घेतलेली, सेकंडहँड. आधीचा मालक कुणी हौशी तरुण असावा. त्याने रुबाबासाठी मागे स्पॉयलर बसवून घेतला होता. त्याची बायको प्राची पहिल्या दिवशीच म्हणाली होती, बाकी गाडी ठीक आहे, पण या म्हशीला शेपटी वर का? शुभंकरने मात्र गाडी घेतली ती त्या शेपटीसाठीच. शेपटीत ब्रेकचा तिसरा दिवा होता, उंचावर, मागून येणाऱ्याच्या थेट नजरेत भरणारा. ब्रेकच्या दिव्यांच्या बाबतीत तो जरा अतीच करायचा. सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून “भाई, तमारी ब्रेकलाइट बंद छे” असं सांगायचा आणि पुष्कळदा वर शिव्या खायचा. घरात यावरून त्याला कुणी चिडवत नसे, कारण सगळ्यांना कारण ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी मकरपुऱ्याच्या रस्त्यावर, कंपन्या सुटायच्या वेळी, विश्वंभररावांची स्कूटर पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळली. मागे त्यांची बायको नयना होती. टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि त्याचा मागचा दिवा लागलाच नाही, असं विश्वंभररावांनी पोलिसांना सांगितलं, मग वकिलाला, मग कोर्टात. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, नयना दवाखान्यापर्यंतही पोहोचली नव्हती. टेम्पोवाला पादरा गावाकडचा, वाळका माणूस. दिवा लागला होता, एवढं एकच तो हात जोडून पुन्हापुन्हा सांगत राहिला, “लाइट चालू हती, साहेब.” टेम्पोचा मागचा भाग चेपून गेलेला, दिव्याचा चुरा झालेला. अशा वेळी एका बाजूला टेम्पोवाला आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर दिवे तपासत आलेला माणूस. शब्द कुणाचा धरणार? टेम्पोवाला आत गेला. टेम्पो विकला गेला म्हणतात. पुढे त्याचं काय झालं ते या घरात कुणी विचारलं नाही.

नवी पट्टी खोक्यातून काढून शुभंकरने तिचा दोन पिनांचा कनेक्टर डिकीतल्या वायरला जोडला. मग कोपऱ्याला सिलिकॉन लावलं, पट्टी खाचेत बसवली, स्क्रू आवळले.

“अण्णा, मागे थांबता? मी ब्रेक दाबतो.”

“चल.”

ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. पाय ज्याचा त्याला दिवा दिसत नाही. सिग्नलच्या खांबाचंही तसंच होतं: एकाने वर चढून दिवा लावायचा, दुसऱ्याने लांब रुळांत उभं राहून बघायचं आणि ओरडायचं, “दिसला!” तो शब्द आल्याशिवाय विश्वंभरराव रजिस्टरवर सही करत नसत. शुभंकर दहा वर्षांचा असताना सायकलच्या डायनॅमोचा दिवा त्यांनी याच पद्धतीने तपासला होता. पोरगा खेळायच्या घाईत न बघताच “दिसला” म्हणाला आणि त्याने बापाच्या हातची आयुष्यातली एकुलती एक थोबाडीत खाल्ली. “दिसल्याशिवाय दिसला म्हणायचं नाही,” एवढंच तेव्हा त्यांनी बजावलं होतं.

आता ते गाडीच्या मागे सहा पावलांवर उभे होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

अगदी काहीच नाही असं नाही. नजरेच्या कडा शाबूत होत्या. मधोमध मात्र चष्म्यावर तेलाचा अंगठा उमटावा तसा एक डाग होता आणि तो ज्या वस्तूकडे बघावं तिच्यावरच जाऊन बसायचा. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. पेपर ते अवनीकडून वाचून घेत, तुझं गुजराती सुधारेल असं सांगून. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांतच हे सुरू झालं. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली होती: खांबावर चढून दिव्याच्या काचेवर तळवा ठेवायचा. काच गरम लागली की दिवा जळतोय. मग बल्ब काढून त्या जागी हे नवे एलईडी दिवे आले, आणि ते थंड निघाले. कितीही वेळ हात ठेवला तरी थंड. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख लागायच्या आत विश्वंभररावांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. शाल मिळाली, नारळ मिळाला. एका डॉक्टरला ते गुपचूप जाऊन भेटले; तो म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे आतल्या पडद्याचं आहे. हे फक्त नयनाला माहीत होतं. आणि नयना गेल्यावर हे कुणाला सांगायची सोयच उरली नाही. डोळ्यांचं सांगितलं की कधीपासून हे सांगावं लागणार, आणि कधीपासून हे सांगितलं की... इथपर्यंत विचार आला की विश्वंभरराव उठून पाणी प्यायचे.

“दाबलाय, अण्णा,” शुभंकर आतून म्हणाला. “वरचा लागला?”

खालच्या बाजूला दोन लाल धब्बे पसरलेले त्यांना जाणवले. वर डाग होता.

“दाबून ठेव.”

ते पुढे आले आणि जुन्या सवयीने तळवा पट्टीवर ठेवला. थंड. अर्थात थंड. तरी त्यांच्या तोंडून “नाही” निघणारच होतं, इतक्यात अवनी फाटकावरून उडी मारून शेजारी आली आणि तिने त्यांच्या मनगटावर एक थाप मारली.

“लागला, आजोबा!”

“दिसला!” विश्वंभररावांनी ताबडतोब आवाज दिला. “छान लागलाय.”

शुभंकर गाडीतून उतरला. त्याचा चेहरा खुलला होता. त्याने पोरीच्या डोक्यावर टपली मारली.

“काय ग, आजोबांच्या आधी तू ओरडतेस?”

“मीच सांगते आजोबांना,” अवनी म्हणाली. “स्कूटरवर पण मीच सांगते.”

“काय सांगतेस?”

“सिग्नल! मी पुढे उभी असते ना. ग्रीन झाला की हातावर एक थाप. मग आजोबा स्कूटर सोडतात. आमचा गेम आहे.” तिला वाटलं बाबांना नीट समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा आजोबांच्या हातावर थाप मारून दाखवली. “आज्जी पण मागे बसून अशीच थाप द्यायची. हो ना, आजोबा?”

वरच्या गच्चीवर कुणीतरी “ढील दे, ढील दे” म्हणून ओरडत होतं. विश्वंभरराव हसले. हसताना त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

“पोरांचा खेळ,” ते म्हणाले. “वेळ जातो तिचा.”

शुभंकर खाली वाकून स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच होता.

शाळेला सोडायचं काम विश्वंभररावांनी मागून घेतलं नव्हतं. शुभंकरच्या कंपनीची बस सातला येते, प्राची शिकवते ती शाळा सकाळची. अवनीला कोण नेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं. म्हणून रोज सकाळी ते नातीला पुढे उभी करत, तिच्या केसांच्या तेलाच्या वासामागून रस्त्यावर नजर लावत, आणि परत घरी येऊन स्कूटर लावली की बराच वेळ पायरीवर बसून राहत. मागच्या गुरुवारी एक म्हातारी पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावरून शिव्या देत गेली. ती आधी कुठे होती ते त्यांना कळलंच नव्हतं. अवनी तेव्हा खिदळली होती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी स्कूटरला किक मारली.

“अवनी, आत जा,” शुभंकर म्हणाला. “आई हाक मारतेय.”

“नाही मारत.”

“जा म्हटलं ना.”

आवाज चढला नव्हता, पण पोरगी निमूट आत गेली. जाळीचं दार आपटल्याचा आवाज आला.

“वायर जरा ढिली वाटते,” शुभंकर कुणाकडेच न बघता म्हणाला. “एकदा परत बघतो. थांबा तिथेच.”

तो डिकीत वाकला. काहीतरी खुडबुड केली. विश्वंभरराव पुन्हा सहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. ऊन उतरलं होतं आणि गाडीच्या मागच्या काचेवर आभाळाची चकाकी होती, म्हणजे त्यांना तेवढंही दिसणं अवघड. त्यांना घाम आला. आपण एवढे घाबरतोय कशाला, असं त्यांनी स्वतःला विचारलं. दिवा आत्ताच लागला होता. लागलेला दिवा पुन्हा लागणार. पोराला शंका आली असती तर तो बोलला असता. आपल्यासारखा पोटात ठेवणारा नाही तो.

शुभंकर जाऊन सीटवर बसला. पेडलची कुरकुर ऐकू आली. खाली दोन लाल धब्बे उमटले.

“आता?”

विश्वंभररावांनी डोळे बाजूला नेले, स्पॉयलरच्या टोकाकडे, मग गच्चीच्या कठड्याकडे. कडेने काहीतरी लालसर असल्यासारखं वाटलं. ते खालच्या दिव्यांचं असेल, वरचं असेल.

“दिसला.”

“वरचा?”

“वरचा, खालचे, तिन्ही.”

“नक्की, अण्णा?”

“अरे, दिसला म्हटलं ना!” ते चिडले. “तीस वर्षं हेच केलं मी. तू मला शिकवणार?”

पेडल सुटलं. शुभंकर लगेच उतरला नाही. तो आत इतका वेळ बसून राहिला, की विश्वंभररावांना वाटलं, हाक मारावी. मग दार उघडलं. तो त्यांच्याजवळ आला, त्यांचा दंड धरला. लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तसा घट्ट धरला होता.

“तुम्ही आत बसा,” तो म्हणाला. “मी मागून बघतो.”

“कशाला? झालं की.”

“बसा, अण्णा.”

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट पोराच्या अंगाने गरम होती. पाय चाचपत ब्रेकच्या पेडलवर ठेवला.

“दाबू?”

“थांबा. मी सांगतो.”

मागे डिकीत हालचाल झाली. मग एक आवाज आला: टक्.

लहानसा, स्वच्छ आवाज. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. विश्वंभररावांनी तो हजार वेळा ऐकला होता, स्वतःच्या बोटांखाली. कनेक्टरची एक बाजू दुसऱ्या बाजूत जाऊन बसली की खाच अशी बोलते. म्हणजे तो आत्ता जोडला गेला होता. म्हणजे मघाशी तो जोडलेला नव्हता, आणि वरची पट्टी पूर्ण विझलेली होती, आणि ते तिच्याकडे तोंड करून म्हणाले होते, तिन्ही.

“दाबा.”

त्यांनी दाबला.

“दिसला,” शुभंकर म्हणाला.

शब्द जसा म्हणायचा असतो तसा, बघून, थांबून, मग म्हटलेला. विश्वंभररावांनी शिकवल्याप्रमाणे.

त्यांनी खिशात हात घातला. स्कूटरची किल्ली काढली आणि स्टिअरिंगच्या पलीकडे, काचेजवळ ठेवली. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं: उद्यापासून अवनीला रिक्षा लावून दे, मी डॉक्टरला दाखवून आलोय, चुकलं माझं, तिला काही झालं नाही हे देवाचे उपकार. हे सगळं बोलता आलं असतं. खरं तर आत कुठेतरी त्यांना हलकंही वाटत होतं. किल्लीवर भागलं तर स्वस्तात सुटलो, असा एक चोरटा विचार मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली.

शुभंकर खिडकीशी आला. त्याने किल्लीकडे पाहिलं. ती घेतली नाही.

“आई मागे बसून थाप द्यायची,” तो म्हणाला. “सिग्नल सुटला की.”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“म्हणजे तेव्हापासून.”

विश्वंभररावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

त्या संध्याकाळी मकरपुऱ्याच्या रस्त्यावर सायकली आणि बसची गर्दी होती, दिवेलागण झालेली. नयनाने खांद्यावर थाप मारली. जोरात मारली, पण एकच. एक थाप म्हणजे चल. इतकी वर्षं एक थाप म्हणजे चल, थांब याची खूण दोघांनी कधी ठरवलीच नव्हती. थांबायचं त्यांना आजूबाजूच्या गाड्यांवरून कळायचं. त्यांनी मूठ पिळली आणि स्कूटर पुढे झेपावली. मग टेम्पो. टेम्पोचा दिवा त्यांना दिसला नव्हता, हे खरं होतं; कोर्टात त्यांनी शपथेवर एवढंच तर सांगितलं. फक्त सांगताना ‘दिसला नाही’च्या जागी ‘लागला नाही’ म्हणाले. पुढे दर वेळी सांगताना ते अधिक खात्रीचं होत गेलं. थापेचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

आतून प्राचीने हाक मारली, चहा ठेवलाय, दोघं या.

“अण्णा,” शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. “तो टेम्पोवाला कोर्टात काय म्हणत होता?”

“तुला माहीत आहे.”

“तुम्ही सांगा.”

विश्वंभररावांचा पाय अजून ब्रेकवर होता. मागे कुंपणाच्या भिंतीवर तिन्ही दिव्यांचा लाल उजेड पडला असणार. त्यांनी आरशात पाहिलं, मग आरशाच्या जरा कडेला पाहिलं, आणि तिथे, डागाच्या बाहेर, खरंच थोडं लाल दिसलं.

“लाइट चालू हती,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कारण तो माणूस प्रत्येक वेळी शेवटी हेही म्हणायचा, “साहेब.”